नाव विचारा, जात नको!



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत एक गोष्ट घडली. ती वर्तमानपत्रात आली नाही, येणारही नव्हती. दगडफेक झाली नाही, मोर्चा निघाला नाही, कुणी मेलंही नाही. पण तेव्हापासून आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात फिरून फिरून तोच विषय निघतो. म्हणून आज तो तुमच्यापुढे मांडतो आहोत.

विहाराच्या मागच्या गल्लीत एक आजी राहतात. मधुमेह जुना, दोन वेळचं इन्सुलिन. त्यांच्या मुलाने एका लॅबला फोन करून घरी येऊन रक्त न्यायला सांगितलं आणि तो पहाटेच कामावर गेला. सकाळी सातला लॅबचा पोरगा मोटरसायकलवरून आला. नळावर पाणी भरणाऱ्यांना त्याने आजींचं नाव आणि आडनाव सांगून घर विचारलं. त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या दोन आज्या आमच्या वस्तीत आहेत. एका लहान मुलाने बोट दाखवलं ते दुसऱ्या आजींच्या घराकडे. पोराने दारातूनच विचारलं, "तुम्ही अमुक बाई ना?" आजी म्हणाल्या, "हो." उंबऱ्यावरच हात धरला, सुई टोचली, रक्ताची नळी पेटीत टाकली आणि पोरगा पुढच्या घरी गेला. त्याला त्या सकाळी अजून नऊ घरं करायची होती.

संध्याकाळी रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर आला. साखर एकदम नॉर्मल. मुलाने तो डॉक्टरांना पाठवला. डॉक्टरांनी फोनवरच इन्सुलिन निम्मं करायला सांगितलं. "कुणी रक्त घ्यायला आलं होतं का?" हे मुलाने आईला विचारलं नाही, कारण रिपोर्ट हातात होता. आईने सांगितलं नाही, कारण तिला वाटलं पोरगा उद्या येईल. दोन आठवड्यांनी आजींच्या पायाची जखम चिघळली. दवाखान्यात दाखल करावं लागलं. पायाचं एक बोट काढावं लागलं.

आम्ही लॅबमध्ये गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "आमच्या मुलाने नाव विचारलं होतं. बाई हो म्हणाल्या."

हा लेख त्या 'हो'बद्दल आहे.

हा 'हो' कुठून आला?

आम्ही दुसऱ्या आजींना विचारलं, "आजी, तुमची तर कसली तपासणी नव्हती. मग हो का म्हणालात?" त्या म्हणाल्या, "अरे बाबा, साहेब आला, माझं नाव बरोबर घेतलं. मी कशाला नाही म्हणू? सरकारी असेल असं वाटलं."

पंचवीस वर्षांच्या, कंत्राटावर काम करणाऱ्या, गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या पोराला सत्तर वर्षांची बाई 'साहेब' म्हणते. हातात कागद असलेला माणूस दारात आला की हो म्हणायचं, उलट विचारायचं नाही, हे त्या बाईला कुणी शिकवलं? तिच्या आईने, आजीने आणि त्यांच्या पाठीवर बसलेल्या व्यवस्थेने शिकवलं. तलाठी आला, हो. पाटलाचा माणूस आला, हो. रेशनवाला म्हणाला, धान्य संपलं, हो. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या माणसांच्या जिवाचं रक्षण या 'हो'ने केलं. आज तोच 'हो' आमच्या माणसांच्या जिवावर उठतो आहे.

म्हणून प्रश्न कसा विचारला याला महत्त्व आहे. "तुम्ही अमुक बाई ना?" हा प्रश्नच नव्हे. त्यात उत्तर आधीच घातलेलं आहे, समोरच्याने फक्त मान हलवायची. ऐकू कमी येणारा मान हलवतो, तापात असलेला हलवतो, भाषा न कळणारा हलवतो आणि घाबरलेला तर सर्वांत आधी हलवतो. खरा प्रश्न एकच आहे: "तुमचं पूर्ण नाव सांगा." मग थांबायचं, ऐकायचं आणि ऐकलेलं हातातल्या कागदाशी ताडून पाहायचं. या सगळ्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही. त्या अर्ध्या मिनिटावर आमच्या आजींच्या पायाचं बोट गेलं.

नियम आहे, पण तो वस्तीपर्यंत आलेला नाही

हे काही आमचं नवं संशोधन नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी नऊ उपाय जाहीर केले. त्यातला दुसरा उपाय रुग्णाची बरोबर ओळख पटवण्याचा आहे. औषध देण्याआधी, रक्त घेण्याआधी, कुठलाही उपचार करण्याआधी रुग्ण किमान दोन खुणांनी ओळखायचा आणि खोलीचा नंबर ही त्यातली खूण धरायची नाही. अमेरिकेत जॉइंट कमिशन नावाची मानांकन संस्था घरी जाऊन सेवा देणाऱ्यांनाही हीच दोन खुणांची अट घालते. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत रुग्णाच्या मनगटाला पट्टी बांधतात, तीही याचसाठी. पट्टीवर नाव असतं, नोंदणी क्रमांक असतो, वय असतं.

आता विचार करा. रुग्णालयात पट्टी आहे, खाट आहे, फाइल आहे, परिचारिका आहे, पुढच्या पाळीची परिचारिका आहे. एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेला पडण्याची शक्यता आहे. घरी यातलं काय आहे? एक रुग्ण, एक सेवा देणारा आणि बंद दार. चूक पकडणारं तिसरं माणूस नाही. म्हणजे जिथे ओळख पटवण्याची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती सर्वांत ढिली.

आणि घरपोच सेवा आता थोडीथोडकी राहिलेली नाही. रक्त घ्यायला माणूस घरी येतो. लकव्याच्या रुग्णाला व्यायाम द्यायला घरी येतात. कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा घरी होते. टीबीच्या गोळ्या घरी पोचतात आणि त्या गोळ्यांची संख्या रुग्णाच्या वजनावरून ठरते, त्यामुळे एकाचा डबा दुसऱ्याकडे गेला तर चालत नाही. बाळंतपणानंतर आशाताई घरी येतात. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीची आणखी एक. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली आणि १९९९ साली तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. गावातल्या साध्या बाईला शिकवलं तर ती बाळांचे जीव वाचवू शकते, हे महाराष्ट्राने जगाला दाखवलं. म्हणजे अडचण घरपोच सेवेत नाही. ती सेवा नक्की कुणाला दिली जाते आहे, हे न विचारण्यात आहे.

दोन खुणा आमच्या वस्तीत का फसतात?

इथे आमचा खरा मुद्दा सुरू होतो. "नाव आणि जन्मतारीख विचारा, झालं," असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या सोसायटीत ते चालत असेल. आमच्या वस्तीत ते कसं फसतं पाहा.

पहिलं नाव. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आमच्या लोकांनी लेकरांची नावं बदलली. धोंड्या, दगड्या, कचऱ्या ही लादलेली नावं टाकून सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा ही नावं घेतली. भीमराव आणि रमाबाई तर घरोघरी आहेत. आमच्या इतिहासातली ही फार मोठी क्रांती आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. पण तिचा एक व्यावहारिक परिणामही आहे. आमच्या वस्तीत उभं राहून "सिद्धार्थ कांबळे" अशी हाक मारा, चार दारं उघडतील. बाहेरून आलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं, नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला.

दुसरी जन्मतारीख. आमच्या आजोबांच्या पिढीत जन्मतारीख लिहून ठेवायला घरात लिहिता येणारं होतं कोण? शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजे वर्ष धरलं आणि १ जून लिहून टाकलं, कारण जूनमध्ये शाळा भरायची. ज्यांनी शाळाच पाहिली नाही, त्यांच्या आधार कार्डावर नुसतं वर्ष माहीत म्हणून १ जानेवारी आलं. १ जानेवारी हा आमच्यासाठी भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायचा दिवस. पण कागदावर तो आमच्या कितीतरी आज्यांचा वाढदिवसही आहे! एकच नाव, एकच आडनाव आणि जन्मतारीखही एकच. झाल्या ना दोन्ही खुणा निकामी?

तिसरा पत्ता. आमच्या वस्तीत घरांना नंबर नाहीत. जिथे आहेत तिथे ते सर्व्हेवाल्यांनी तीन वेळा तीन रंगांनी रंगवलेले आहेत. पत्ता म्हणजे "विहाराच्या मागे, लिंबाच्या झाडाजवळ". २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातीवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावं देण्याचं ठरलं. निर्णय उत्तमच. उशिरा झाला, एवढीच तक्रार. पण आता जुन्या कार्डावर एक नाव, नव्या कार्डावर दुसरं आणि शेजारच्या गावातही एक भीमनगर. नाव बदललं, पण आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात ते बदललं का, हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी जाऊन पाहिलं?

चौथं बायकांचं नाव. लग्नाआधीचं एक, लग्नानंतरचं दुसरं. आधारवर माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं, दवाखान्याच्या कागदावर नुसतं "सौ." आणि नवऱ्याचं नाव. आणि नुकतं जन्मलेलं बाळ? त्याला तर नावच नसतं. कागदावर लिहितात, अमुक बाईचं बाळ. आईच्या नावाची दुसरी बाई त्याच गल्लीत बाळंत झालेली असेल तर? जुळी असतील तर?

ही यादी आम्ही रडगाणं म्हणून देत नाही. ती यासाठी देतो की ओळख पटवण्याचा नियम ज्यांच्यासाठी बनवला गेला त्यांचं आयुष्य गृहीत धरून बनवला गेला. आमचं आयुष्य गृहीत धरायचं असेल तर नियमात आमच्या खुणा आल्या पाहिजेत.

आडनाव विचारणं आणि नाव विचारणं

आता अवघड भाग. महाराष्ट्रात "आडनाव काय?" हा प्रश्न साधा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. भाड्याच्या खोलीपासून कॉलेजच्या कँटीनपर्यंत हा प्रश्न आपली जात हुंगण्यासाठी विचारला जातो. म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणांनी उत्तर टाळायची सवय लावून घेतली आहे. कुणी नुसतं पहिलं नाव सांगतं. कुणी आडनाव बदललं. कुणी आडनावाच्या जागी वडिलांचं नाव लावलं, कुणी आई-वडील दोघांचं. यातल्या कुणालाही आम्ही दोष देणार नाही. हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

पण जातीने दिलेला हा घाव किती खोल जातो पाहा. जो प्रश्न आपला जीव वाचवण्यासाठी विचारला पाहिजे, त्याच प्रश्नाची आपल्याला भीती वाटते. आणि ज्याने तो विचारायला हवा, त्यातले काही जण तो विचारतात ते औषधासाठी नव्हे, तर आत जायचं की दारातून परतायचं हे ठरवण्यासाठी.

हे आम्ही हवेत बोलत नाही. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी अकरा राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर आधारलेला ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध केला. त्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हते. सरकार पगार देतं घरी जाण्याचा आणि हे अडतात उंबऱ्यावर!

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदवली आहे. त्या शिक्षकाचं पत्र १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. त्याची बायको नुकतीच बाळंत झालेली, आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या मोठ्या माणसांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो आला. तोही वस्तीबाहेर, या अटीवर की बाईला तिथे आणावं. दोन दिवसांच्या बाळासह तिला बाहेर आणलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. त्याच रांगेने ते परत गेलं. दिव्याच्या उजेडात त्याने ते पाहिलं, न्यूमोनिया म्हणाला आणि निघून गेला. रुग्णाला हात लावला नाही. पुढे बोलावूनही आला नाही. ती बाई गेली.

ही हकीकत आपण अस्पृश्यतेची म्हणून वाचतो. अभ्यासवर्गात आम्ही ती आता दुसऱ्या अंगानेही वाचतो. ज्या डॉक्टरने रुग्णाला हात लावला नाही, तिच्याशी बोलला नाही, त्याने काय तपासलं? त्याने माणूस तपासलाच नाही, थर्मामीटर तपासलं. आजही आमच्या वस्तीत गोळ्यांची पाकिटं शेजारणीच्या हाती देऊन "त्यांना द्या हं" म्हणत पुढे जाणारे आहेत. दारातूनच नळी भरून जाणारे आहेत. सगळेच जातीमुळे तसं करतात असं आम्ही म्हणणार नाही. कुणी घाईमुळे करतो, कुणी आळसामुळे. पण परिणाम एकच. जो उंबरा ओलांडत नाही, समोर बसत नाही, तोंडाने नाव ऐकत नाही, त्याला रुग्ण ओळखता येत नाही.

याच्या उलट चित्रही आपल्याकडेच आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, त्याच साथीने त्या १० मार्चला गेल्या. त्या मुलाचं पूर्ण नाव आज सव्वाशे वर्षांनी आपल्याला माहीत आहे. काठेवाडातल्या त्या बाईचं नाव आपल्या तोंडी नाही. रुग्णाला माणूस मानणाऱ्याच्या सोबत रुग्णाचं नावही शिल्लक राहतं.

जिचं नाव कुणी विचारत नाही, तिने नाव विचारायचं

आता नाण्याची दुसरी बाजू. घरोघरी जाऊन सेवा देणारे हे हात कुणाचे आहेत? पुण्या-मुंबईत म्हाताऱ्या माणसांचं करायला ब्युरोमार्फत जाणाऱ्या बायांत आमच्या वस्तीतल्या कितीतरी आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या. बारा तासांची पाळी, अंघोळ घालणं, डायपर बदलणं, गोळ्या देणं, कधी साखर तपासून इन्सुलिन टोचणंही. त्यांना त्या घरात काय म्हणतात? "मावशी." नाव कुणी विचारत नाही. विचारलं तर आधी आडनाव विचारतात आणि ते ऐकल्यावर पाण्याचा पेला वेगळा काढून ठेवतात.

आमच्या ओळखीची एक ताई अशीच एका घरी बदली म्हणून गेली. रोजची बाई सुट्टीवर होती. घरात आजी आणि आजोबा दोघंही अंथरुणाला खिळलेले, दोघांच्या गोळ्यांचे डबे एकाच टेबलावर, डब्यांवर नाव नाही. ताईने घरातल्या सुनेला विचारलं, "दोघांची पूर्ण नावं आणि कुणाचा कुठला डबा ते एकदा सांगा." सून म्हणाली, "रोजची मावशी कधी असलं विचारत नाही. तुम्हाला काम येत नाही का?" ताई तरी विचारत राहिली. डबे उघडून डॉक्टरांच्या कागदाशी जुळवले तेव्हा कळलं, आजोबांची रक्त पातळ करायची गोळी आजींच्या डब्यात पडलेली होती.

त्या ताईला शाबासकी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी ब्युरोला फोन गेला, "फार प्रश्न विचारणारी बाई नको."

हे लक्षात घ्या, मित्रांनो. चूक झाली की गुन्हेगार 'मावशी'. चूक टाळायला प्रश्न विचारला तर उद्धट 'मावशी'. लॅबच्या पोरालाही आम्ही एकट्याला फासावर लटकवणार नाही. तोही कुणा गरिबाचाच पोर, घरामागे पैसे मिळणारा. त्याला एका सकाळी दहा घरं देणारा, ओळख कशी पटवायची ते न शिकवणारा मालक काउंटरमागे सुरक्षित बसतो. आशाताईंचंही तेच. एका ताईकडे साधारण हजार लोकसंख्या आणि हातात पगार नाही, मोबदला. विचारायला वेळ लागतो आणि तो वेळ कामाच्या तासांत धरला गेला पाहिजे. ही मागणी रुग्णाच्या हक्काची आहे, तशीच कामगाराच्या हक्काचीही आहे.

"आधार दाखवा" हे उत्तर नव्हे

काही हुशार लोक लगेच म्हणतील, "सोपं आहे, बारा आकडी आधार नंबर घ्या, नाहीतर आरोग्य खात्याचा चौदा आकडी नंबर घ्या." नंबर ही चांगली दुसरी खूण आहे, आम्हाला मान्य आहे. टीबीच्या रुग्णाला 'निक्षय'चा नंबर मिळतो, तो जरूर जुळवावा. पण ओळख पटवणं एक आणि पात्रता तपासणं दुसरं. पहिलं रुग्णाला बरोबर औषध मिळावं म्हणून असतं. दुसरं बहुतेक वेळा नाही म्हणायची सोय म्हणून वापरलं जातं. पालावर राहणाऱ्या पारधी कुटुंबाकडे कागद नसेल, पुलाखाली झोपणाऱ्याकडे नसेल. त्याला ताप येत नाही का? आधार कायद्याच्या सातव्या कलमातच म्हटलं आहे की ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही, त्याला ओळखीचा दुसरा मार्ग द्यावा लागेल. कागद नसेल तर आईचं नाव विचारा, गाव विचारा, सोबतच्या माणसाला विचारा. पण सेवा थांबवू नका. 'ओळख पटली नाही' ही नवी अस्पृश्यता होऊ देऊ नका.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप आमच्याच एका भावाने घेतला. "तिकडे अत्याचार होत आहेत, आरक्षण संपवलं जात आहे आणि तुम्ही रक्ताच्या नळीवर लेख लिहिताय?" भाऊ, चवदार तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेब गेले तेव्हाही लोक म्हणाले असतील, पाण्यासाठी एवढा खटाटोप? रोजच्या जगण्यातल्या लहान गोष्टीतच माणूस म्हणून आपली किंमत ठरते. आजींचं बोट त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

दुसरा आक्षेप बाहेरचा. "प्रत्येक गोष्टीत जात आणता. अशी चूक बंगल्यातही होते." होते, जरूर होते. ताईची गोष्ट बंगल्यातलीच होती. पण बंगल्यात चूक झाली तर तिथला मुलगा वकील घेऊन लॅबमध्ये जातो. आमच्या आजींचा मुलगा एका दिवसाचा रोज बुडवून गेला आणि "बाई हो म्हणाल्या" एवढं ऐकून परत आला. फरक तिथे आहे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सांगितलं. अस्पृश्यतेच्या कारणाने सेवा नाकारणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या सहाव्या कलमाखाली गुन्हा आहे. कायदे आहेत. ते वापरणारा हात पाहिजे.

तिसरा आक्षेप खरा आहे. "रोज येणाऱ्या सिस्टरने रोज नाव विचारायचं? हास्यास्पद नाही का?" नाही. चेहरा रोजचा ओळखीचा झाला की साध्या कामाला प्रत्येक वेळी विचारपूस नको, हे ठीक. पण नवं माणूस आलं, नवं औषध आलं, सुई टोचायची आहे, रक्त घ्यायचं आहे, तर विचारलंच पाहिजे. इन्सुलिन चेहरा पाहून टोचायचं नसतं, कागद पाहून टोचायचं असतं.

आपण काय करायचं?

आम्ही आमच्या वस्तीत पुढील गोष्टी सुरू केल्या आहेत. तुमच्या वस्तीत त्या करून पाहा, यात कुणाची परवानगी लागत नाही.

१. घरातल्या प्रत्येक आजारी माणसाचं एक साधं कार्ड. त्यावर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडील किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, आडनाव बदललं असेल तर जुनंही. वय, मोबाइल, नोंदणी क्रमांक, आजार, चालू औषधं, कुठल्या औषधाची ॲलर्जी. आईचं नाव मुद्दाम ठेवलं आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावण्याचा निर्णय घेतला, तो आपल्याला इथे कामी येतो. दोन सिद्धार्थ कांबळे एका वस्तीत असतील, पण दोघांच्या आईचं नाव सहसा एक नसतं.

२. कार्डावर जात लिहायची नाही. आजाराला ती लागत नाही.

३. म्हाताऱ्या माणसांना एकच गोष्ट शिकवायची. कुणी आलं की हो म्हणायचं नाही, स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं आणि उलट विचारायचं, "तुमच्याकडे कुणाचं नाव लिहिलंय? कशासाठी आलात? कुणी पाठवलं?" विहारात आम्ही याचा चक्क सराव घेतला. दोन आज्या लॅबवाल्या झाल्या, बाकीच्या रुग्ण. हसून हसून पुरेवाट झाली, पण शिकल्या.

४. रक्त घेतलं की नळीवर नाव रुग्णाच्या डोळ्यांसमोर लिहून घ्यायचं. मोटरसायकलवर बसून लिहायचं नाही, आधीच लिहून आणलेली चिठ्ठीही नको. ज्याला वाचता येतं त्याने ते वाचून पाहायचं.

५. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना भुलल्यासारखं होतं, त्यांच्यासाठी घरातल्या माणसाने नाव सांगायचं आणि कार्ड दाखवायचं. कार्डावर फोटो लावला तर उत्तम. बाळाच्या कार्डावर आईचं पूर्ण नाव, जन्माची तारीख आणि वेळ, मुलगा की मुलगी. जुळी असतील तर पहिलं की दुसरं.

६. गोळ्यांचं पाकीट शेजारी ठेवून जाऊ द्यायचं नाही. ज्याचं त्याच्याच हाती.

७. आपल्या घरी येणाऱ्या सेविकेला आधी तिचं नाव विचारायचं आणि त्याच नावाने हाक मारायची. मान तिच्यापासून सुरू झाला तर तो रुग्णापर्यंत पोचतो.

महिन्याभरापूर्वी त्याच लॅबचा दुसरा पोरगा आमच्या गल्लीत आला. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "तुम्ही अमुक बाई ना?" बोट गेलेल्या आजी खाटेवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते मी सांगेन. आधी तुझ्या कागदावर काय लिहिलंय ते वाच." पोरगा गडबडला, मग त्याने कागद वाचला. आजींनी स्वतःचं नाव, आईचं नाव, नवऱ्याचं नाव सगळं सांगितलं. मग हात पुढे केला.

बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, ते पदव्यांपुरतं नव्हतं. सत्तर वर्षांच्या आजीने उलट प्रश्न विचारायला शिकणं हेही शिक्षणच आहे. आमचं पूर्ण नाव विचारा, आम्ही छाती पुढे काढून सांगू. आमची जात विचाराल, तर आधी तुमचं काम काय ते विचारू.

जय भीम! जय संविधान!